या नियमापुरते

अर्ध्या तासाचं भाषण मी दीड ओळीत बसवते. नगरपरिषदेच्या सभांचं इतिवृत्त लिहायला लागून मला चोवीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत कोण काय बोललं यापेक्षा कोण काय बोललं नसतं तरी चाललं असतं, हेच मी जास्त शिकले. ‘सदस्यांनी रस्त्यांच्या अवस्थेबद्दल नाराजी व्यक्त केली.’ संपलं. दुसऱ्या दिवशी सदस्य माझ्या टेबलाशी येतात आणि विचारतात, बाई, माझं एवढंच? मी म्हणते, साहेब, सार आलंय. मग ते थोडा वेळ कागदाकडे बघत उभे राहतात आणि जातात.

लेखनिकाला सभेत तोंड नसतं. तसा नियमच आहे, आणि मला तो कधी जाचलाही नाही. माझं टेबल अध्यक्षांच्या डाव्या हाताला, व्यासपीठाच्या पायरीखाली. तिथून सदस्यांचे चेहरे कमी आणि पाय जास्त दिसतात. कोणी बूट काढून बसलंय, कोणाचा गुडघा सारखा हलतोय, कोण काढता पाय घेण्याच्या तयारीत आहे, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. ठराव झाला की मी उभं राहून तो वाचायचा आणि सगळ्यांनी ‘मंजूर’ म्हणायचं. वाचलेलं कोणी ऐकत नाही. मंजूर मात्र एका सुरात म्हणतात.

त्या दिवशी सभा दुपारी दोनला सुरू झाली आणि चार वाजले तरी आम्ही पाचव्या विषयावरच होतो. चौकातलं घड्याळ बंद आहे, ते दुरुस्त करायचं की काढून टाकायचं, हा तो विषय. पावणेदोन वर्षांचं भिजत घोंगडं. माझी पाठ भरून आली होती, पेनातली शाई अडखळत होती, आणि पुढच्या दोन विषयांपैकी एकाची मला धास्ती होती. सहावा विषय होता युवक केंद्राचे उपक्रम पुढच्या वर्षी चालू ठेवण्याचा. सातवा, तरुणांना तंबाखू विकण्यावरच्या नियमांचा. माझा जीव सहाव्यात अडकला होता. सातव्याशी मला काहीच देणंघेणं नव्हतं, असं मी समजत होते.

सहाव्यात जीव अडकायचं कारण माझा धाकटा भाऊ. तो आणि मी दोघंच राहतो. तेहेतीस वर्षांचा आहे. एका बांधकाम कचेरीत नकाशे काढायचा. हात इतका नेटका, की साहेब त्याचीच रेघ मागायचे. एका सोमवारी तो कामावर गेला नाही. मंगळवारीही नाही. मग दीड वर्ष तो खोलीबाहेर पडला नाही असं म्हटलं तरी चालेल. जेवायला यायचा, ताटाकडे बघायचा, जायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, ओळखीपाळखीच्यांचे सल्ले तर उतू गेले. मी सकाळी कचेरीत जाताना दार ओढून घ्यायचे आणि दिवसभर लक्ष घराकडे असायचं. काय भीती वाटायची ते मी कधी स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्यात बोलले नाही.

मग अकरा महिन्यांपूर्वी तो आपण होऊन नगरपरिषदेच्या युवक केंद्रात गेला. केंद्रात मागच्या बाजूला सायकल दुरुस्तीची खोली आहे. दुपारी दोन ते सहा उघडी असते. वंगण, पाने, उलट्या टांगलेल्या सायकली. कोणीतरी त्याच्या हातात पाना दिला असावा. तेव्हापासून तो रोज जातो. रोज. नखांत काळं घेऊन परत येतो आणि साबणाने हात धुताना गुणगुणतो. मी बाकी काही विचारलं नाही. ज्या गोष्टीनं माणूस उठून कपडे बदलतो, तिची चौकशी करू नये, इतकी अक्कल मला होती.

सहावा विषय चार मिनिटांत संपला. केंद्रातले सर्व उपक्रम युवकांसाठी पूर्ववत चालू ठेवावेत, असा ठराव मी वाचला, सगळे मंजूर म्हणाले, आणि मला टेबलावर डोकं टेकून दोन मिनिटं झोपावंसं वाटलं. मागच्या बाकावर केंद्राचा शिपाई बसला होता. विषय त्याच्या केंद्राचा, म्हणून त्याला हजर राहायला सांगितलं होतं. काम झालं तरी तो उठला नाही. डोक्यावर पंखा होता, आणि परत गेला असता तर झाडायला लागलं असतं.

सातवा विषय मांडायला दंतवैद्य उभे राहिले. आमच्या सभागृहातल्या निम्म्या सदस्यांचे दात त्यांच्याकडे असतात, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी फार तोंड उघडत नाही. माणूस मात्र सच्चा. आपल्या खुर्चीत बसलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या हिरड्या बघून त्यांची झोप उडाली होती, आणि एकवीस वर्षांखालच्या कोणालाही गावात तंबाखू किंवा सिगारेट विकू नये, हा नियम त्यांनी तीन सभा लावून धरला होता. प्रत्येक वेळी काही ना काही फाटे फुटले. या वेळी ते प्लास्टरचा जबडाच घेऊन आले होते. तो त्यांनी टेबलावर उघडा ठेवला आणि पाऊण तास बोलले. मी लिहिलं, ‘सदस्यांनी तंबाखूच्या दुष्परिणामांची माहिती दिली.’

सगळं सुरळीत चाललं होतं. अध्यक्षबाईंनी मतासाठी पेन उचललंही होतं. तेवढ्यात आमचे विधी अधिकारी, ज्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात, घसा खाकरून म्हणाले की एक छोटीशी अडचण आहे. वकीलसाहेबांची अडचण कधी छोटी नसते. नियमाच्या मसुद्यात सगळीकडे ‘युवकांना विक्री करू नये’ असं छापलंय, आणि आपल्या नियमपुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘युवक म्हणजे तेरा ते पस्तीस वर्षांची व्यक्ती’ अशी व्याख्या आहे. ती व्याख्या सगळ्या नियमांना लागू.

पस्तीस कुठून आलं ते मला ठाऊक होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. सोळा वर्षांपूर्वी नगरपरिषदेच्या युवक फुटबॉल संघाचा गोलरक्षक चौतीस वर्षांचा होता. तो तेव्हाच्या अध्यक्षांचा मेहुणा होता, आणि खरं सांगायचं तर गोलही चांगले अडवायचा. त्याच्यासाठी अख्खं गाव पस्तिशीपर्यंत तरुण ठरलं.

हे ऐकल्यावर हरकतकाका खुशीत आले. प्रत्येक ठरावाला हरकत घेतात म्हणून त्यांचं हे नाव पडलं. ते म्हणाले, “माझा धाकटा चौतीसचा आहे. त्याला सिगारेट मिळणार नाही. पण नातू अकरा वर्षांचा आहे, तो काही युवक नाही. त्याला पाठवलं तर चालेल का?”

सभागृह हसलं. दंतवैद्य हसले नाहीत. त्यांचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. मसुदा बदलायचा म्हणजे ‘युवक’ हा शब्द सतरा ठिकाणी बदलायचा, मग तो पुन्हा छापायचा, पुन्हा हरकती मागवायच्या, पुन्हा महिना. ते कपाळ चोळत म्हणाले की व्याख्याच बदला. पहिल्या पानावर तेरा ते पस्तीस काढा, एकवीस वर्षांखालील लिहा. एका रेघेत काम होईल. पस्तिशीचे बाप्ये युवक असतात कुठे?

वकीलसाहेबांनी मान डोलावली. अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं. मी लिहीत होते. ‘युवक या शब्दाची व्याख्या एकवीस वर्षांखालील व्यक्ती अशी बदलण्यात यावी’ इथवर हात गेला आणि मग डोक्यात उजेड पडला. केंद्रातले उपक्रम युवकांसाठी. तासाभरापूर्वी मीच वाचला होता तो ठराव. उद्या व्याख्या बदलली की एकवीस आणि त्यावरच्यांना केंद्राच्या दारातून आत जाता येणार नाही.

मी मान वर केली. मागच्या बाकावरचा शिपाई सरळ होऊन बसला होता आणि माझ्याकडेच बघत होता. माझा भाऊ रोज तिथे येतो हे त्याला ठाऊक होतं, आणि आता काय होणार हेही त्याला कळलं होतं.

हे सभागृहातल्या कोणाला तरी सुचेल, म्हणून मी वाट पाहिली. आणि सुचलं, हरकतकाकांनाच सुचलं. त्यांनी विचारलं की मग केंद्रात जाणाऱ्या मोठ्यांचं काय? मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण दंतवैद्य म्हणाले, मोठं कोण जातंय तिथे? अध्यक्षबाईंनी शिपायाला विचारलं. शिपाई उभा राहिला, त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “वय लिहून घेत नाही बाई आम्ही. नाव लिहितो फक्त.” तो माझी लाज राखत होता, हे मला तेव्हाच कळलं. हरकतकाका म्हणाले, कोणी असेल तर सांगा, नसेल तर चला पुढे, मला साडेपाचला दुसरीकडे जायचंय. त्यांनी बुटात पाय घातलेही.

आता मला जे करायचं होतं ते एका वाक्याचं काम होतं. ‘एक तेहेतीस वर्षांचे गृहस्थ रोज जातात.’ बस. नाव नको, गाव नको. दुसऱ्यांच्या तोंडचं पाल्हाळ छाटण्यात माझी हयात गेली. पण मी उठले, आणि अध्यक्षबाई “बाई, लेखनिकांना सभेत...” असं म्हणेपर्यंत मी बोलून बसले होते.

“माझा भाऊ जातो,” मी म्हणाले.

तिथंच थांबायला हवं होतं. थांबले नाही. दीड वर्ष तो खोलीतून बाहेर आला नव्हता हे सांगितलं. नोकरी सुटली हे सांगितलं. गोळ्या सांगितल्या, डॉक्टर सांगितले, तो ताटाकडे नुसता बघत बसायचा ते सांगितलं. मी कचेरीत बसून तासातासाला घरी फोन लावायचे आणि तो उचलायचा नाही, हेही सांगितलं. मग म्हणाले, “त्याला तेवढी एकच जागा आहे. ती बंद करू नका. पुन्हा तसं झालं तर माझ्याच्यानं नाही होणार आता.” शेवटच्या वाक्याला माझा आवाज फाटला आणि मी खाली बसले.

 हरकतकाकांनी बुटातला पाय बाहेर काढला. दंतवैद्यांनी उगाचच तो जबडा मिटवून ठेवला.

मग अध्यक्षबाईंनी, ज्या आयुष्यभर मुलांच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, मला अगदी हळू विचारलं की नियमांत बसेल असं काही सुचतंय का. मला सुचत होतं. चोवीस वर्षं हीच भाषा लिहिते. मी म्हटलं, व्याख्येला हात लावू नका. तंबाखूच्या नियमात पहिल्या कलमाआधी एक ओळ घाला, ‘या नियमापुरते, युवक म्हणजे एकवीस वर्षांखालील कोणतीही व्यक्ती.’ वकीलसाहेबांनी ते दोनदा पुटपुटून बघितलं. म्हणाले, हा खुलासा झाला, मसुद्यात बदल नाही. पुन्हा छापायला नको. दंतवैद्य लगेच हो म्हणाले. मी ठराव वाचला आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी ऐकला. मंजूर झाला. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘सभेला माहिती देण्यात आली.’ कोणी दिली ते लिहिलं नाही.

घरी जाताना पाय जड झाले होते, पण आतून हलकं वाटत होतं. जन्मात एकदा तोंड उघडलं आणि ते वाया गेलं नाही. जिना चढताना मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, त्याला कसं सांगायचं त्याची. खोटं कशाला बोलू, थोडी शाबासकी मिळेल असंही वाटत होतं.

तो न्हाणीत हात धूत होता. मी दाराशी उभी राहून सांगितलं. पस्तीसचं एकवीस कसं होत होतं, गोलरक्षकाची गंमत, अकरा वर्षांचा नातू. तो हसला. मग मी उठले ते सांगितलं. त्याने नळ बंद केला.

“काय सांगितलंस, ताई?”

“सांगितलं की माझा भाऊ जातो.”

“एवढंच?”

मी म्हटलं, नाही, जरा जास्त बोलले.  मग मला सगळं सांगावं लागलं. खोली, गोळ्या, ताट, फोन. तिथे या शब्दांना वजन होतं. न्हाणीच्या दारात उभं राहून त्याच्याचसमोर बोलताना प्रत्येक शब्द हलका आणि वाईट लागत होता. त्याने पंचा घेतला आणि एकेक बोट पुसत राहिला.

“केंद्रातलं कोण होतं?” त्यानं विचारलं.

“शिपाई होते.”

तो पलंगावर जाऊन बसला.  मग त्याने खाली बघतच सांगितलं, आणि ते असं होतं. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एका मुलाला चाकाचा आरा बसवता येत नव्हता. याने कागद घेतला, चाक काढलं, कुठला आरा कुठे जातो ते रेघा मारून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं कागद घेऊन आले. मग शिपायाने कपाटाची किल्ली याच्याकडेच ठेवायला दिली. पोरांना वाटलं, नगरपरिषदेनं शिकवायला माणूस नेमलाय. याने तसं कधी सांगितलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

“मला सर म्हणतात ताई तिथे,” तो म्हणाला.

 अकरा महिने मी त्याला रोज ‘बरं वाटलं का रे आज?’ म्हणून विचारत होते. तो रोज हो म्हणत होता. मी सभागृहात ज्याच्यासाठी रडले तो आजारी माणूस होता. केंद्रात जो जायचा तो दुसराच कोणी होता, आणि त्याची मला ओळखच नव्हती. मला माझाच भयंकर राग आला. मी म्हटलं, इतिवृत्तात काही लिहिलेलं नाही, कुठे छापून येणार नाही. तो म्हणाला, “लिहिलं नसशील गं. ऐकलं ना त्यांनी.”

मग तो उठला, पोळी गरम केली, मलाही वाढलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाला, “असू दे. तू बोलली नसतीस तर केंद्रच बंद झालं असतं मला.” ते खरंच होतं, आणि त्यानं कोणालाच बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. इतिवृत्त पक्कं करायचं होतं, तरी टाकली. दीड वाजता त्याने कपडे बदलले. पावणेदोनला बूट घातले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. दोन वाजले. सव्वादोन झाले. मी स्वयंपाकघरात एकच भांडं पुन्हा पुन्हा पुसत होते. जा म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि नको जाऊस म्हणायची तर त्याहून नव्हती. तीनला दहा मिनिटं असताना दार ओढल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि जिन्यावरून पावलांचा आवाज खाली जात होता.

सहा वाजून गेले, साडेसहा झाले, तेव्हा तो परत आला. नखांत काळं होतं. हात धुताना त्याने गाणं म्हटलं नाही. मी पंचा घेऊन उभी होते, आणि जे विचारायचं नाही असं दुपारभर ठरवलं होतं तेच विचारलं.

“तुला सर म्हणाले?”

“म्हणाले,” त्याने पंचा घेतला. “आधी जरा थांबले, मग म्हणाले.”